मंडोरची बाग कोणाची?

जोधपूरजवळ मंडोरच्या बागेत महाराजा अजितसिंहाच्या देवलासमोर एक कुटुंब चपला काढत होते. आजोबांच्या डोक्याला साफा, आजीच्या हातात डब्याची पिशवी, मागे सून आणि दोन मुले. लाल दगडाचे उंच जोते, त्यावर कोरीव खांबांचा मंडप, वर निमुळते होत गेलेले शिखर असे सगळे पाहिल्यावर ते देऊळच आहे, याविषयी त्यांच्या मनात शंका असण्याचे कारण नव्हते. आत जाऊन त्यांनी गाभाऱ्यात डोकावले. तिथे अंधार होता, वटवाघळांचा वास होता आणि मूर्ती नव्हती. बाहेर आल्यावर आजीने राखणदाराला विचारले, “अठे कुण देव है?” (इथे कोणता देव आहे?) तो बसल्याजागीच म्हणाला, “देव कोनी, दरबार है.” (देव नाही, दरबार आहे.) आजीने क्षणभर विचार केला आणि तरीही पायरीला हात लावून नमस्कार केला.

मारवाडात राजाला ‘दरबार’ म्हणतात आणि राजाच्या दहनस्थळावर बांधलेल्या स्मारकाला ‘देवल’. आपल्या देऊळ या शब्दाचेच ते भावंड. राजस्थानात इतरत्र राजांची स्मारके बहुधा घुमटाच्या छत्र्यांची असतात. मंडोरच्या बांधणाऱ्यांनी मात्र थेट मंदिराची घडण घेतली. म्हणजे आजीची चूक झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिने जे करावे अशी बांधणाऱ्यांची इच्छा होती, तेच तिने सुमारे सव्वादोनशे वर्षांनंतर केले. राजेशाही जाऊन पाऊणशे वर्षे झाली, बाग सरकारच्या ताब्यात आली, फाटक सर्वांना उघडे झाले, आणि तरीही आत शिरलेला माणूस अजून दरबारातच उभा असतो. या लेखाचा विषय तेवढाच आहे: राजाची बाग सार्वजनिक होते म्हणजे नेमके काय होते?

मंडोर जोधपूरच्या उत्तरेला सुमारे नऊ किलोमीटरवर आहे. आधी प्रतिहारांचे आणि १४व्या शतकाच्या अखेरीपासून राठोडांचे ते ठाणे होते. १४५९ मध्ये राव जोधाने मेहरानगडाचा पाया घातला आणि राजधानी तिकडे गेली. (मंदोदरी इथलीच, म्हणून रावण हा मंडोरचा जावई, असेही जोधपूरकर सांगतात, आणि सासुरवाडीच्या नात्याने त्याच्यासाठी दसऱ्याला सुतक पाळणारी काही ब्राह्मण घराणी त्या शहरात आहेत.) राजधानी गेली तरी दहनभूमी मंडोरलाच राहिली. राव मालदेवापासून १८७३ मध्ये वारलेल्या तख्तसिंहापर्यंतच्या राजांची देवले इथे आहेत. त्यानंतर किल्ल्याजवळ संगमरवरी जसवंत थडा बांधला गेला आणि मंडोरची परंपरा थांबली. म्हणजे आज ज्या हिरवळीवर लोक डबे सोडून पुऱ्या आणि कैरसांगरीची भाजी खातात, ती एका राजघराण्याची स्मशानभूमी आहे. मला यात काही गैर वाटत नाही. उलट ही गोष्ट फार चांगली झाली असे वाटते. पण तिथे कोण जळले आणि कोणाचे स्मारक झाले, हे जेवणाऱ्यांना कळायला हवे होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

अशा बागांच्या देखभालीचा विषय निघाला की एक सूचना ठरलेली असते: तिकीट लावा, देवलांभोवती कुंपण घाला, फुकट्या गर्दीला आवर घाला. सूचना करणारे लोक वाईट हेतूचे नसतात. देवलांच्या खांबांवर खिळ्याने कोरलेली नावे आणि बाण मारलेली बदामे मीही पाहिली आहेत, आणि वानरांसाठी आणलेल्या फुटाण्यांच्या प्लॅस्टिक पिशव्या मंडपाच्या कोपऱ्यात साठलेल्याही. शिवाय त्यांच्या बाजूने एक भक्कम उदाहरण आहे. मेहरानगड एका न्यासाच्या ताब्यात आहे, त्याला तिकीट आहे, आणि तिथली निगा, संग्रहालयाची मांडणी, माहितीचे फलक हे सगळे देशातल्या उत्तम जागांच्या पंक्तीत बसणारे आहे. मंडोरहून तिथे गेलेल्या माणसाला फरक सांगावा लागत नाही.

तरीही किल्ल्याचा न्याय बागेला लावता येत नाही. किल्ला माणूस आयुष्यात एकदा, फार तर पाहुणे आले की पुन्हा एकदा, पाहतो. बागेत तो रोज संध्याकाळी येतो. मंडोर परिसरातल्या बाईला तिन्हीसांजेला अर्धा तास टेकायला, म्हाताऱ्याला चालायला आणि मुलांना पळायला दुसरी सावली जवळ नाही. श्रावणात इथे वीरपुरीचा मेळा भरतो, होळीच्या दुसऱ्या दिवशी ‘रावजी की गैर’ निघते आणि मंडोरचे लोक नाचत-गात या परिसरात येतात. या माणसांनी खिडकीपाशी रांग लावून आत यायचे असे ठरवले, तर परदेशी पाहुण्याच्या खिशाला लागणार नाही एवढा दर पाच जणांच्या कुटुंबाला मात्र परत फिरवू शकतो. वारसा जपण्यासाठी वारसदारांनाच बाहेर ठेवण्याचा तो प्रकार होईल. बागेतल्या संग्रहालयाला तिकीट असणे मला मान्य आहे. फाटकाला असणे मान्य नाही.

इथपर्यंतचा युक्तिवाद नवा नाही आणि तो एवढ्यावर थांबला तर अपुरा आहे, कारण फाटक फुकट ठेवले की बाग सार्वजनिक झाली अशी समजूत त्यातून होते. खांबावर नाव कोरणारा मुलगा तिकीट काढूनही नाव कोरतोच. तिकीट असलेल्या कितीतरी किल्ल्यांवर त्याचे पुरावे आहेत. तो कोरतो, कारण त्या दगडाने त्याला काही सांगितलेले नसते. कोणा राजाचा दगड आहे, एवढेच त्याला ठाऊक असते. मग राजाच्या नावाशेजारी आपलेही नाव असावे असे त्याला वाटले, तर त्याला दंड जरूर करावा, पण त्या कोरण्यामागची भूक समजून घ्यावी.

आता या दगडाला काय सांगता येईल ते पाहू. अजितसिंहाचे देवल सर्वांत मोठे आहे. त्याचा बाप जसवंतसिंह हा मोगलांचा सरदार, आणि मराठी वाचकाला तो परका नाही: १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर लाल महालात छापा पडला तेव्हा हा पुण्याच्याच परिसरात होता, पुढे त्याने कोंढाण्याला वेढा घातला आणि काही हाती न लागता तो उठवला. १६७८ मध्ये तो खैबर खिंडीच्या तोंडाशी जमरूदला वारला. अजितसिंह जन्मला तो बापामागे, १६७९ मध्ये लाहोरला. औरंगजेबाने मारवाड खालसा केले आणि तान्ह्या अजितसिंहाला दिल्लीत ठेवून घ्यायचे ठरवले. तिथून त्याला बाहेर काढणाऱ्यांत दुर्गादास राठोड अग्रभागी होता, आणि लोकपरंपरा सांगते की गोरां नावाच्या दाईने आपले मूल त्याच्या जागी ठेवून, झाडूवालीच्या वेषात पाटीतून राजपुत्राला नेले. ही गोरां मंडोरच्या माळी समाजातली, असेही परंपरा सांगते. दुर्गादासाने पुढची अठ्ठावीस वर्षे घोड्यावर काढली. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याला १६८१ मध्ये संभाजी महाराजांकडे घेऊन आला तोही हाच दुर्गादास. १७०७ मध्ये औरंगजेब मेल्यावर अजितसिंह जोधपुरात शिरला, गादीवर बसला, आणि काही वर्षांत त्याचे दुर्गादासाशी बिनसले. ज्याच्यामुळे राज्य मिळाले तो माणूस मारवाड सोडून गेला आणि १७१८ मध्ये उज्जैनला वारला. त्याची छत्री क्षिप्रेच्या काठी आहे.

अजितसिंहाचा शेवटही बाहेरच्या शत्रूने केला नाही. १७२४ मध्ये त्याच्या धाकट्या मुलाने, बखतसिंहाने, त्याला ठार केले, आणि त्यामागे थोरला मुलगा अभयसिंह असल्याचे बहुतेक इतिहासकार मानतात. अजितसिंहाच्या चितेवर राण्या आणि अंतःपुरातल्या इतर स्त्रिया मिळून साठांच्या घरात जळाल्या. राण्यांच्या छत्र्या थोड्या अंतरावर पंचकुंडाजवळ आहेत, तिकडे क्वचितच कोणी वाट वाकडी करून जाते. पण अजितसिंहाबरोबर जळालेल्या पडदायती (राजाच्या रखेल्या), दासी आणि गायिका यांचे काय? त्यांची राख याच मातीत आहे आणि त्यांच्यासाठी एक चौकोनी दगडही उभा केलेला मला दिसला नाही. देवल पुरे झाले ते १७९३ मध्ये, मृत्यूनंतर तब्बल एकोणसत्तर वर्षांनी. त्याच्या तीनच वर्षे आधी, १७९० मध्ये, मेडत्याला महादजी शिंद्यांच्या फौजेने मारवाडचा पराभव केला होता. पराभवानंतर पूर्वजाचे भव्य स्मारक पुरे करण्याची घाई होणे मला फार मानवी वाटते, आणि त्या घाईत आपलाही हात आहे हे मराठी माणसाने तिथे उभे राहून मनात आणावे. नागौरला १७५५ मध्ये जयाप्पा शिंद्यांचा दग्याने खून झाला, डाकोरला १७३२ मध्ये पिलाजी गायकवाडांचा झाला, दोन्ही मारवाडच्या माणसांकडून, हे आपण लक्षात ठेवतो. मारवाडच्या शेतकऱ्याकडून खंडणी कशी गोळा झाली असेल, ते ठेवत नाही.

हे सगळे एका फलकावर मावणारे आहे. मोठ्या अक्षरांत, हिंदीत आणि मारवाडीत, शंभर-सव्वाशे शब्द. आजीला तो सून वाचून दाखवील.

बागेतली मला सर्वांत आवडलेली जागा देवलांपैकी नाही. डोंगराच्या कडेला एक लांब दालन आहे, त्याला ‘देवतांची साळ’ किंवा ‘वीरांचे दालन’ म्हणतात. पाठीमागच्या खडकातच सोळा आकृती कोरलेल्या आहेत, माणसाहून मोठ्या, वर चुन्याचा गिलावा आणि त्यावर भडक रंग. अर्धे देव आहेत: राम, कृष्ण, महादेव, सूर्य, ब्रह्मा. बाकीच्यांत मारवाडचे लोकदेव: गाई सोडवताना मेलेला पाबूजी, सापाचा धनी गोगाजी, हडबूजी, मेहाजी, मल्लिनाथ, आणि हिंदू-मुसलमान दोघांचा रामदेवजी. घोड्यांचे डोळे वाटोळे, मिशा एकसारख्या, शिल्प म्हणून कलाकुसर बेताची. देवलांवरचे नक्षीकाम याच्या शतपटीने सरस आहे. पण इथे उभी राहणारी माणसे बोटे दाखवून एकमेकांना नावे सांगतात. मुलगा आईला विचारतो, आई सांगते. तिला वाचावे लागत नाही. दालन राजांनीच बांधवले, अजितसिंहाने सुरू केले आणि अभयसिंहाच्या काळात ते पुरे झाले, पण त्यातली माणसे लोकांची आहेत.

या रांगेत जांभोजी आहेत. १४८५ मध्ये बिश्नोई पंथ स्थापणारे, एकोणतीस नियम घालून देणारे, हिरवे झाड तोडू नका म्हणणारे. आणि ज्या अभयसिंहाच्या काळात हे दालन पूर्ण झाले, त्याच अभयसिंहाच्या काळात, १७३० मध्ये, जोधपूरच्या आग्नेयेला साधारण पंचवीस किलोमीटरवर खेजडली गावात दरबारची माणसे कुऱ्हाडी घेऊन गेली. बांधकामासाठी चुन्याच्या भट्ट्या पेटवायच्या होत्या आणि त्यांना लाकूड हवे होते. गावात बिश्नोई राहत होते आणि खेजडीची झाडे भरपूर होती. खेजडी म्हणजे आपली शमी, काही भागांत सौंदड म्हणतात ती, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो. अमृतादेवी नावाच्या बाईने झाडाला मिठी मारली, तिच्यावर कुऱ्हाड चालली, मग तिच्या मुलींवर, मग गावोगावच्या बिश्नोईंवर. एकूण ३६३ माणसे मारली गेली. एका बाजूने जांभोजींची मूर्ती रंगवायची आणि दुसऱ्या बाजूने जांभोजींचा नियम पाळणाऱ्यांना तोडायचे, या दोन्ही गोष्टी एकाच राजवटीत घडल्या. दालनासमोर उभे राहून हे कोणी सांगत नाही. मी ज्या वाटाड्याच्या मागे काही वेळ फिरलो, तो मूर्तींच्या उंचीबद्दल आणि एकाच खडकातून त्या कशा घडवल्या याबद्दल छान बोलत होता. खेजडली हा शब्द त्याच्या तोंडी आला नाही.

झाडांचा विषय निघालाच आहे, तर बागेच्या झाडांविषयी बोलले पाहिजे, कारण दरबाराची सावली गोष्टींवर पडते तशी मातीवरही पडते. मंडोरची बाग पाहून डोळे निवतात हे खरे. हिरवळीचे गालिचे, कापून सरळ केलेली कुंपणे, कारंजी, बोगनवेलीचे ढीग. पण जोधपुरात वर्षाला सरासरी ३६० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाळवंटाच्या दारात हिरवळ ठेवणे ही सत्तेची खूण होती: मी पाण्याचा धनी आहे, असे राजाने त्यातून सांगायचे. त्याच काळात प्रजा नाडी, टांके, बावड्या आणि झालऱ्यांमध्ये, म्हणजे तळी, टाकी आणि पायऱ्यांच्या विहिरींमध्ये, थेंब थेंब साठवत होती. पाणी मोजून वापरण्याची इतकी बारीक विद्या असलेले शहर देशात विरळाच असेल. मग इंदिरा गांधी कालव्याचे पाणी पंजाबातल्या हरिकेपासून वाहत आणि पुढे पंपांनी उचलत जोधपूरला पोचले, जुन्या बावड्यांकडे लोकांची पाठ फिरली, आणि पुढे जुन्या शहराच्या काही भागांत तळघरांत पाणी झिरपू लागले. तहानलेल्या शहरात तळघरांतून पाणी उपसण्याची वेळ आली! अशा शहरातल्या सार्वजनिक बागेने कोणती हिरवाई दाखवावी, हा प्रश्न मग शोभेचा उरत नाही.

त्याचे एक उत्तर मेहरानगडाच्या पायथ्याशीच आहे. राव जोधा मरुउद्यानात सुमारे सत्तर हेक्टर खडकाळ जमिनीवर २००६ पासून काम झाले आणि २०११ मध्ये ते लोकांना खुले झाले. तिथे सर्वत्र वेडी बाभूळ माजली होती. मारवाडात तिला बावळिया म्हणतात. मूळची अमेरिकेची ही झुडपे राजांनीच संस्थानात आणली, पसरवली, आणि १९४० मध्ये तिला ‘शाही झाड’ म्हणून मानही दिला. नुसती वरून तोडून ती मरत नाही, खडकाच्या फटींत गेलेल्या मुळापासून काढावी लागते. वृक्षतज्ज्ञ प्रदीप कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी खंडवालियांना, म्हणजे पिढ्यान्पिढ्या वालुकाश्माच्या खाणींत काम करणाऱ्या कारागिरांना बोलावले. ते हातोडीच्या ठोक्याच्या आवाजावरून खडक कुठे कसा फुटेल हे ओळखतात. त्यांनी छिन्नीने खड्डे केले, मुळे काढली, आणि त्याच खड्ड्यांत केर, कुमट, थोर, रोहिडा अशी मारवाडची आपली झाडे लागली. पावसाळ्यानंतर तो डोंगर जितका सुंदर दिसतो तितकी कुठलीही कापलेली हिरवळ दिसत नाही. आणि उन्हाळ्यात तो वाळलेला, काटेरी, करडा दिसतो, कारण वाळवंट उन्हाळ्यात तसेच दिसते.

त्या उद्यानाला तिकीट आहे, हे माझ्या म्हणण्याविरुद्ध जाते, आणि ते मी लपवत नाही. एका न्यासाला आपला खर्च भागवावा लागतो. पण माळ्यांचा पगार, झाडांची निगा आणि दगडाची दुरुस्ती रोज येणाऱ्या माणसाच्या खिशातूनच झाली पाहिजे, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. राजस्थानच्या पर्यटनाचा डोलाराच राजांच्या नावावर उभा आहे. हॉटेलांच्या खोल्यांपासून विमानतळावरच्या दुकानांपर्यंत सगळीकडे साफा आणि मिशी विकली जाते. त्या उलाढालीतून सरकारला मिळणाऱ्या महसुलाचा एक ठरावीक हिस्सा मंडोरसारख्या खुल्या जागांच्या नावे बांधून द्यावा, ही मागणी अवाजवी नाही. वाटेल तेव्हा देता येणाऱ्या अनुदानापेक्षा असा बांधलेला हिस्सा अधिक भरवशाचा.

आणि सगळी हिरवळ उपटून काढा, असेही मी म्हणत नाही. मुलांना लोळायला गवत हवे. देवलांच्या समोरचा एक चौक तसाच राहू द्यावा. पण डोंगराकडची बाजू खेजडी, केर आणि रोहिड्याची असावी, आणि तिची निगा मंडोरच्याच माळ्यांकडे असावी, ज्यांच्या आधीच्या पिढ्यांनी विहिरींवर भाजी पिकवून या शहराला खाऊ घातले. वानरांनाही त्याचा उपयोग होईल. मंडोरची हनुमान वानरे जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहेत. जोधपूरच्या टोळ्यांवर १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून संशोधन झाले आणि टोळीचा नवा नर आधीच्या नराची पिल्ले कसा मारतो, याच्या सुरुवातीच्या काही नोंदी इथल्या. ज्या प्राण्याच्या गादीच्या भांडणांचा एवढा बारकाईने अभ्यास झाला, तो आज बागेत बिस्किटाच्या पुड्यासाठी पोरांच्या अंगावर येतो. बाप मुलांना मारतो, मुले बापाला मारतात, गादी रिकामी राहत नाही. या बागेत हे दगडाखालीही आहे आणि झाडावरही, असा एक आगाऊ विचार माझ्या मनात येऊन गेला. तो फलकावर लिहू नये.

फलक मात्र वीरांच्या दालनासमोर हवाच, आणि तिथे रिकामी जागा आहे हे मी पाहून ठेवले आहे: जांभोजींच्या समोर, कठड्याच्या अलीकडे, दोन फरश्या निघालेल्या आहेत. तिथे एक खेजडी लावता येईल. रोप खेजडलीहून आणावे, ३६३ हा आकडा लिहावा, अमृतादेवीचे नाव लिहावे आणि कुऱ्हाडी कोणी पाठवल्या तेही लिहावे. खेजडी सावकाश वाढते. सावली पडायला दहा-पंधरा वर्षे लागतील, आणि तोवर कोणीतरी तिला पाणी घालावे लागेल.